तळ्यातून आलेला बर्फ

आमच्या घरात एखाद्याची बात खोटी आहे असे म्हणायचे असले की ‘आला तयातला बर्फ’ म्हणत. वऱ्हाडीत ‘ळ’चा ‘य’ होतो, तेव्हा ‘तयातला’ म्हणजे तळ्यातला. गवळ्याने म्हैस आटल्याचे सांगितले, उधारीवाल्याने पुढच्या बाजाराचा वायदा केला, की आई आतून म्हणायची, आला तयातला बर्फ. लहानपणी मला वाटे की ही सगळ्या वऱ्हाडाची म्हण आहे. पुढे म्हणींचे दोन-तीन संग्रह चाळले, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारले, तेव्हा कळले की ती आमच्या घराबाहेर कोणाला ठाऊक नाही. ती एका पत्रातून आली होती. माझ्या मामाने ७ फेब्रुवारी १९७७ रोजी अमेरिकेतल्या बफेलो शहरातून कारंज्याला लिहिलेले ते पत्र. त्या पत्राला खोटे ठरवण्यात माझाही हात होता, म्हणून हा लेख.

मी इतिहासाचा रीतसर विद्यार्थी नाही. कापसाच्या अडतीवर हिशेब लिहिण्यात माझी तीस वर्षे गेली. इतिहास शिकलो तो रद्दीतून, ग्रंथालयातून आणि कारंज्यातूनच. ज्या गावात बलात्कारगण आणि सेनगणाच्या भट्टारकांनी शतकानुशतके हस्तलिखिते सांभाळली, जिथल्या पोथ्यांवरून डॉ. हिरालाल जैन आणि डॉ. प. ल. वैद्य यांनी १९३०च्या दशकात अपभ्रंश काव्ये छापून काढली, त्या गावात राहून जुन्या कागदाची ओढ लागली नसती तरच नवल. माझे आजवरचे लिखाण त्या भांडारांवर आणि मूर्तिजापूर-यवतमाळ या ‘शकुंतला’ रेल्वेवर आहे. बर्फाशी माझा संबंध रसवंतीच्या लादीपुरता.

मामा १९७१मध्ये गेला. नागपूरच्या विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातून यंत्रशाखेची पदवी घेतलेला, आजोबांचा एकुलता एक मुलगा. अमेरिकेने १९६५मध्ये स्थलांतराचा कायदा बदलला आणि शिकलेल्या भारतीयांना दार उघडले. त्या दारातून आत गेलेल्या पहिल्या हजारो मुलांपैकी तो एक. शिकागो, न्यू यॉर्क इथे गेलेल्यांना चार मराठी माणसे भेटत. मामा पडला बफेलोला, ईअरी सरोवराच्या पूर्व टोकाला. पोलादाचे, धान्याच्या कोठारांचे, नायगारा धबधब्यापासून गाडीने अर्ध्या तासावरचे शहर. त्याची पत्रे निळ्या आंतरराष्ट्रीय पत्रकावर येत, कडेच्या दुमडपट्टीवरही अक्षरे कोंबलेली. आजीला वाचता येत नव्हते. आई दोन गल्ल्या ओलांडून माहेरी जायची आणि ओसरीवर बसून मोठ्याने वाचायची.

त्या ओसरीवरच्या माणसांना बर्फ म्हणजे काय ठाऊक होते? लग्नकार्यात बाहेरगावाहून भुशात आणि गोणपाटात गुंडाळून आणलेली लादी. आणि गारा. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला गार ठाऊक असते, तीही तुरीच्या आणि गव्हाच्या नाशाच्या रूपाने. त्यापलीकडे काही नाही. गंमत अशी की आमच्या बोलीत थंडीला आजही ‘हिव’ म्हणतात. ‘लय हिव पडलं’, ‘हिव वाजून आलं’. हा शब्द थेट ‘हिम’चा आहे. ज्या प्रदेशात कधी हिम पडले नाही तिथल्या माणसांच्या तोंडी तो हजार-दोन हजार वर्षे राहिला. झिजून त्यातला बर्फ वितळून गेला आणि नुसता गारठा उरला. हिवाळा आमचा, हिवताप आमचा, पण हिम आमचे नव्हे.

आता त्या हिवाळ्याकडे येतो.

मामाच्या १९७६च्या नोव्हेंबरातल्या पत्रात थंडी लवकर आल्याचे आहे. डिसेंबरातल्या पत्रात, १९ तारखेच्या, त्याने लिहिले आहे की तळे गोठले. जुने लोक म्हणतात की इतक्या लवकर कधी गोठले नव्हते. जानेवारीच्या मध्यावर त्याला आजीने पाठवलेले तिळगुळाचे पार्सल मिळाले. संक्रांत नुकतीच झाली होती, म्हणजे पार्सल वेळेवरच म्हणायचे. त्याच पत्रात रोज थोडा थोडा बर्फ पडतो आहे, रस्त्याच्या दोन्ही कडांना भिंती झाल्या आहेत, असे वर्णन आहे. आईने ते वाचले तेव्हा आजी अंथरुणावर होती.

आजी गुरुवारी, २७ जानेवारी १९७७ रोजी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी मामाला तार केली. त्या काळी आमच्याकडे कोणाच्या घरी फोन नव्हता आणि अमेरिकेत फोन लावण्याची कल्पनाही कोणाला सुचली नसती. अग्नी आजोबांनी दिला. दहाव्याला, ५ फेब्रुवारीला, वाट पाहिली. तेराव्यालाही पाहिली. मूर्तिजापूरहून येणाऱ्या शकुंतलेच्या शिटीकडे लक्ष ठेवून आजोबा ओट्यावर बसलेले मला आठवतात. मी तेव्हा आठ वर्षांचा होतो आणि माझे सगळे लक्ष त्या वाफेच्या इंजिनाकडे असे. तेरावे झाले. मामा आला नाही, तारही आली नाही.

पत्र आले ते फेब्रुवारीच्या शेवटी. त्यात असे होते: तुमची तार मला ६ तारखेला मिळाली. शुक्रवारी २८ तारखेला दुपार व्हायच्या आत एकाएकी पांढरा अंधार झाला. मी पायी घरी निघालो, चार फर्लांगांचे अंतर कापायला कित्येक तास लागले, समोर धरलेला हात दिसत नव्हता. मग कित्येक दिवस दार उघडले नाही. रस्ते बंद, गाड्या चालवायला बंदी, गाड्या बर्फाखाली गाडलेल्या, काही गाड्यांत माणसे मेली. प्राणिसंग्रहालयातली हरणे कुंपणावरून चालत बाहेर गेली. आणि पुढे ते वाक्य. हा बर्फ आभाळातून आला नाही, तो तळ्यातून आला.

आईने ओसरीवर ते वाचले आणि आजोबा उठून आत गेले.

त्यांच्या जागी मी असतो तर मीही उठलो असतो. आमच्या डोळ्यांपुढे तळे म्हणजे गावातला ऋषी तलाव. त्याच्यातून बर्फ निघून गावावर येतो आणि माणसे गाडली जातात, हरणे कुंपणावरून चालत जातात! जवळच्या नात्यातले एक गृहस्थ वर्तमानपत्र नेमाने वाचत. त्यांनी सांगितले की असे काही छापून आलेले नाही. त्या पंधरवड्यात आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना दुसरे काही दिसतही नव्हते. १८ जानेवारीला इंदिरा गांधींनी निवडणूक जाहीर केली होती, २ फेब्रुवारीला जगजीवनराम काँग्रेस सोडून बाहेर पडले, ११ तारखेला राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद वारले. बफेलोतल्या बर्फाला कारंज्यात येणाऱ्या अंकात किती ओळी मिळणार? पण छापले नाही म्हणजे घडले नाही, हा निकष तेव्हा सर्वांना पुरेसा वाटला. मुलाला यायचे नव्हते आणि त्याने गोष्ट रचली, असे ठरले. आजोबांनी त्याला पुन्हा पत्र लिहिले नाही. १९८२मध्ये मामा आला, चार दिवस राहिला. आजीच्या फोटोसमोर बसला, उठला. त्या चार दिवसांत बर्फाचा विषय कोणी काढला नाही. आजोबा १९८६मध्ये गेले. तोवर म्हण घरात रुळली होती.

इथवर हे एका कुटुंबाचे भांडण आहे. आता माझा भाग.

१९९९मध्ये मी तिशीत होतो आणि संशोधनाचे नवे वेड लागले होते. साधनांची चिकित्सा, अंतर्गत पुरावा, बहिर्गत पुरावा हे शब्द मी येताजाता वापरत असे. त्या वर्षी मामाचे पत्र आले. बऱ्याच वर्षांनी. दिवाळीला येऊ का, असे त्याने आईला विचारले होते. आई घुटमळली. तिच्या मनात अजून ते जुने पत्र होते, पण तिला भावाला बोलवायचेही होते, हे आता मला कळते. तेव्हा मी म्हणालो, थांब, आपण पुराव्याने पाहू.

अमरावतीला एका ग्रंथालयात इंग्रजी विश्वकोश होते. त्यात मी सरोवरांकाठच्या बर्फाची माहिती काढली. ती चूक नव्हती, म्हणून इथेही सांगतो.

अमेरिका आणि कॅनडाच्या सीमेवर पाच मोठी गोड्या पाण्याची सरोवरे आहेत. उन्हाळ्यात त्यांचे पाणी तापते आणि पाणी हळूहळू निवते, त्यामुळे हिवाळा सुरू झाला तरी ते हवेपेक्षा बरेच उबदार असते. उत्तरेकडून कॅनडाची कोरडी, बोचरी हवा त्या पाण्यावरून वाहू लागली की तिचा खालचा थर पाण्याची ऊब आणि वाफ उचलतो, हलका होऊन वर चढतो, त्याचे ढग होतात, आणि पलीकडच्या काठावर ती वाफ बर्फ होऊन कोसळते. वारा जितका लांब पाण्यावरून येईल तितका माल जास्त. हे ढग अरुंद पट्ट्यांत येतात. एका मोहल्ल्यात कमरेइतका बर्फ आणि तीन मैलांवर ऊन, असेही होते. बफेलोचे ठिकाणच असे आहे की ईअरी सरोवराची सगळी लांबी नैऋत्येकडून थेट त्याच्या अंगावर येते. ती लांबी सुमारे ३८८ किलोमीटर. कारंज्याहून सरळ पश्चिमेकडे नाशिकपर्यंत रेघ ओढा, एवढी. क्षेत्रफळ पंचवीस हजार चौरस किलोमीटरांहून अधिक, म्हणजे आपल्या वाशीम जिल्ह्याच्या पाचपट पाणी. मराठीत या बर्फाला सर्वांच्या तोंडी बसलेला शब्द नाही. मी त्याला तळ्याचा बर्फ म्हणतो, कारण घरात तोच शब्द होता.

आणि त्या विश्वकोशातच पुढे होते की सरोवर गोठले की हा कारखाना बंद पडतो. पाण्यावर बर्फाचे झाकण बसले की वाफ निघणार कुठून? पाच सरोवरांत ईअरी सगळ्यांत उथळ, सरासरी खोली एकोणीस मीटर, त्यामुळे ते लवकर गोठते.

मी पत्रांची पेटी उघडली. १९ डिसेंबर १९७६च्या पत्रात मामा स्वतः लिहितो की तळे गोठले. ७ फेब्रुवारीच्या पत्रात तोच लिहितो की बर्फ तळ्यातून आला. गोठलेल्या तळ्यातून बर्फ येत नाही, हे शास्त्र. साक्षीदाराच्या दोन जबान्या एकमेकींना छेद देतात. निकाल उघड होता. मी तो आईला वाचून दाखवला, कागदावर दोन रकाने करून. मला आठवते की मला त्याचा आनंद झाला होता. माझे पहिले यशस्वी साधनपरीक्षण.

आईने मामाच्या पत्राला उत्तर लिहिले नाही. तो त्या दिवाळीला आला नाही, नंतरही नाही. २००९मध्ये तिकडेच वारला.

पुढची तेरा वर्षे मी ही पेटी उघडली नाही. डिसेंबर २०२२मध्ये नाताळच्या दिवसांत दूरचित्रवाणीवर बफेलो दिसले. हिमवादळ, बर्फाने मढलेली घरे, अडकलेल्या रुग्णवाहिका. चाळीसहून अधिक माणसे मेली, त्यांतली काही आपल्या गाड्यांत. निवेदिका सांगत होती की शहराने १९७७नंतर असे पाहिले नव्हते. मी ताटावरून उठलो नाही, पण जेवणही झाले नाही. १९७७? म्हणजे तिथे खरोखर काही घडले होते, आणि ते पंचेचाळीस वर्षांनंतरही मापाची पट्टी म्हणून लक्षात होते.

मग शोध सुरू केला. १९९९मध्ये जे दोन दिवसांत उरकले होते त्याला आता सात महिने दिले. कॅनडाच्या काठावरच्या पोर्ट कोलबोर्न गावचे एर्नो रॉसी यांचे १९७८चे पुस्तक मिळवले, रॉबर्ट बार यांचे १९८०चे मिळवले, अमेरिकेच्या हवामानखात्याच्या बफेलो कार्यालयाचे टिपण वाचले. माझ्या इंग्रजीला धाप लागली, पण भाचीने मदत केली. पत्रातली एकेक गोष्ट मी समोर ठेवून ताडून पाहिली.

ईअरी सरोवर १४ डिसेंबर १९७६ रोजी गोठले. इतक्या लवकर गोठल्याची तोवर नोंद नव्हती. मामाचे पत्र पाच दिवसांनंतरचे.

वादळ बफेलोत पोचले शुक्रवारी २८ जानेवारीला, सकाळी अकरा वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमाराला. काही तासांत पारा फॅरनहाइटच्या २६ अंशांवरून शून्यावर आला. आपल्या मापाने उणे तीनवरून उणे अठरा. वाऱ्याचे झोत ताशी एकशे दहा किलोमीटरवर. समोर धरलेला हात न दिसणे यात अतिशयोक्ती काही नाही.

एकूण २९ माणसे मेली, त्यांतली कित्येक बर्फाखाली गेलेल्या मोटारींत. शहरात खाजगी गाड्यांना बंदी झाली, सैन्य आणून रस्ते मोकळे करावे लागले. जिमी कार्टर यांना अध्यक्ष होऊन जेमतेम पंधरवडा झाला होता. त्यांनी न्यू यॉर्क राज्याच्या पश्चिम भागासाठी राष्ट्रीय आपत्ती जाहीर केली. नुसत्या बर्फासाठी अशी घोषणा तिथे याआधी झाली नव्हती. बफेलोच्या प्राणिसंग्रहालयातली तीन रेनडिअर हरणे, कुंपणाच्या उंचीइतका बर्फ साचल्यावर त्यावरून चालत बाहेर पडली आणि शहरात हिंडली. आमच्या ओसरीवर सर्वांत जास्त हसू याच हरणांचे झाले होते.

राहिले ते वाक्य.

त्या चार-पाच दिवसांत बफेलोत आभाळातून पडलेला नवा बर्फ भरला सुमारे बारा इंच. एक फूट. बफेलोच्या हिशेबाने हे काहीच नाही. तिथे एका हिवाळ्यात सरासरी आठ फुटांच्या आसपास बर्फ पडतो आणि त्या १९७६-७७च्या हिवाळ्यात १९९.४ इंच, साडेसोळा फुटांवर पडला. एका फुटाने शहर गाडले जात नाही. मग घरांच्या दुसऱ्या मजल्यापर्यंत गेलेले ढीग आले कुठून?

सरोवर गोठले आणि कारखाना बंद पडला, इथपर्यंत विश्वकोश बरोबर होता. पण बर्फ पडायला सरोवर एवढेच कारण नसते. साधे हिवाळी ढग येत राहिले आणि जवळजवळ रोज थोडा थोडा बर्फ पडत राहिला. शहरात जमिनीवर तीन फुटांच्या आसपास साचला. आणि सरोवर? एरवी पाण्यावर पडलेला बर्फ विरघळून जातो. या वर्षी पाण्यावर झाकण होते. सहा आठवडे, पंचवीस हजार चौरस किलोमीटरांच्या त्या सपाट ओट्यावर बर्फ साठत गेला. थंडी इतकी सलग होती की तो वितळून पुन्हा गोठून कडक झाला नाही; पिठासारखा भुरभुरीत राहिला. झाड नाही, घर नाही, कुंपण नाही, आडोसा नाही. मग २८ तारखेचा वारा सुटला, पश्चिम-नैऋत्येकडून, सरोवराच्या लांबीवरून, आणि त्याने तो सगळा साठा उचलून बफेलोवर आणि पलीकडे कॅनडाच्या काठावर आणून ओतला. खळ्यावर उफणणी चालू असताना वावटळ यावी आणि भुसा सगळा घरात यावा, तसे. फक्त ते खळे इथून नाशिकपर्यंतचे.

हा बर्फ आभाळातून आला नाही, तो तळ्यातून आला. मामाने अक्षरशः खरे लिहिले होते. यंत्रशाखेचा माणूस, त्याने विशेषण वापरले नव्हते, कारण सांगितले होते. तळे गोठले ही त्याची पहिली जबानी दुसरीला छेद देत नव्हती. तळे गोठले नसते तर तळ्यातून बर्फ आलाच नसता.

याला जोड देणारी एक गोष्ट मला नंतर सापडली, आणि ती १९९९मध्ये सापडती तर मी थबकलो असतो असे वाटते. ईअरीच्या शेजारचे ओंटारिओ सरोवर खोल आहे, सरासरी शहाऐंशी मीटर, आणि ते सहसा गोठत नाही. त्या आठवड्यात त्याच्या पूर्वेकडच्या वॉटरटाउन भागात विश्वकोशातला, वाफेपासून होणारा तळ्याचा बर्फ पाच फुटांवर पडला. म्हणजे एकाच वाऱ्याखाली शेजारी शेजारी दोन तळी. एकाने वाफेचा बर्फ केला, दुसऱ्याने साठवलेला दिला. मी पुस्तकात वाचलेला प्रकार खरा होता. तो वॉटरटाउनचा होता. मामा बफेलोत होता. बाकी सर्व साधनपरीक्षण निर्दोष होते.

वऱ्हाडातला माणूस त्या बर्फाच्या पट्ट्यात जाण्याची ही पहिली वेळ नव्हती, हेही या निमित्ताने लक्षात आले. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांचे शालेय शिक्षण अमरावतीचे, इथून दोन तासांवरचे. ते १९०६मध्ये अमेरिकेला गेले आणि कॉर्नेल विद्यापीठात शिकले. कॉर्नेल ईथाका गावी आहे, केयुगा सरोवराच्या दक्षिण टोकाला, बफेलोहून दोन-अडीचशे किलोमीटरवर. हिंदुस्थानातील जातिसंस्थेच्या इतिहासाचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०९मध्ये ईथाकातच छापला गेला, आणि १९११मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. पाच हिवाळे. आपण त्यांचे तेवीस खंड मोजतो. हे पाच हिवाळे कोणी मोजत नाही. मामाच्या पेटीत ‘परागंदा’ ही त्यांची कादंबरी आहे, मागच्या पानावर त्याची सही आणि नागपूरचे साल. तो जाताना ती इथेच ठेवून गेला.

या शोधात मला एका गोष्टीचा राग येत राहिला, आणि तो अजून गेलेला नाही. परदेशी गेलेल्या मुलांच्या पत्रांना आपण इतिहासाचे साधन मानत नाही. पेशव्यांच्या वकिलाने उत्तरेतून पाठवलेले बातमीपत्र आपण मोडीतून लावतो, तळटीपा देतो, शब्दाशब्दावर वाद घालतो. पानिपतच्या थंडीबद्दल लिहिणाऱ्याला कोणी खोटा म्हणत नाही. पण १९७०च्या दशकात शेकडो गावांत येत राहिलेली ही निळी पत्रके, ज्यांत दुसऱ्या जगाचे हवामान, मजुरी, भाडे, भाजीचे भाव, एकटेपणा असे सगळे तारीखवार नोंदले आहे, ती बहुतेक घरांतून रद्दीत गेली. बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१मध्ये स्थापन झाले. त्यानंतरच्या काळाला अधिवेशने आहेत, स्मरणिका आहेत. त्याआधीच्या दहा-पंधरा वर्षांना फक्त ही पत्रे होती. आमच्या पेटीत त्रेचाळीस आहेत. मी आता त्यांची यादी केली आहे, तारखा लावल्या आहेत, आणि वाळवीसाठी कडुनिंबाचा पाला घातला आहे, भांडारातल्या पोथ्यांना घालतात तसा.

हे सगळे आईला सांगायचे होते. ती आता ब्याऐंशीची आहे, ऐकू कमी येते, पण समज शाबूत आहे. मी गेल्या पावसाळ्यात एका दुपारी तिच्याजवळ बसलो. नकाशा काढून दाखवला. परातीत मैदा पसरला, तिला म्हणालो, ही परात म्हणजे ते तळे, वर झाकण बसलेले. आणि कडेला वाटी ठेवली, हे मामाचे गाव. मग फुंकर मारली. तिने वाटीकडे पाहिले. मैदा तिच्या लुगड्यावरही आला होता, तो तिने झटकला नाही. मी १९९९च्या माझ्या दोन रकान्यांबद्दलही बोललो. ते तिला माझ्यापेक्षा चांगले आठवत होते. कागद निळा होता, शाई लाल होती, म्हणाली.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग विचारले, “किती दिस होता तो घरात कोंडून?”

मी म्हणालो, नऊ दिवस तरी.

“मंग त्यानं खाल्लं काय असन रे तवा?”

पत्र माझ्या हातातच होते. कडेच्या दुमडपट्टीवर, जिथे मामा नेहमी किरकोळ गोष्टी लिहीत असे, तिथे ते होते, आणि मी ते १९९९मध्ये वाचून पुराव्याच्या दृष्टीने निरुपयोगी म्हणून सोडून दिले होते. घरात बटाटे होते, थोडा तांदूळ होता. दूध नव्हते. संध्याकाळी तो आईच्या पार्सलातला एकेक तिळगूळ खात असे, आणि डबा संपला त्याच दिवशी दार उघडता आले व तार मिळाली.

मी ते तिला वाचून दाखवले. ऐकू आले नाही म्हणून दुसऱ्यांदा, मोठ्याने. ओसरीवरून जाणारी शेजारीण थांबून पाहू लागली.